शेल्टर रिकामं दिसलं पाहिजे

डोक्यावरची लाल पट्टी विझली तेव्हा ग्लेन्डा तुस्कानोला आधी वाटलं, वीज गेली. मग तिच्या लक्षात आलं की रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानातले दिवे चालूच आहेत. कुणीतरी मानेवर ठेवलेला हात काढून घ्यावा तशी ऊब गेली, आणि काचेच्या त्या बस शेल्टरमध्ये सस्काटूनची जानेवारीतली सकाळ चारी बाजूंनी आत शिरली. बाकावर तिच्याशिवाय तिघं होती: ग्रोसरीच्या दोन पिशव्या घेतलेली एक बाई, लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक म्हातारा आणि हॉस्पिटलच्या निळ्या पँटवर जाड जॅकेट चढवलेली एक पोरगी. तिघंही काही न बोलता उठली. मिस्सामध्ये शुभवर्तमानाच्या वेळी अख्खं चर्च उठतं, तशी सवयीनं, एकमेकांकडे न बघता. उठून ती बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. ग्लेन्डा बसूनच होती. तेव्हा ग्रोसरीवाल्या बाईनं काचेवर बोटानं टकटक केलं. "यू टू, डिअर," ती म्हणाली. "सगळ्यांनी बाहेर यायला लागतं. एकटा गेला तर चालत नाही. शेल्टर रिकामं दिसलं पाहिजे, मगच हीटर परत सुरू होतो." आणि ग्लेन्डा उठली. नंतर तिला तेच आठवत राहिलं. हे काय आहे, कुणी केलं, असं काही न विचारता ती निमूटपणे उठली, बाहेर गेली, नाकातला श्वास आतल्या आत कडक होताना तिला जाणवला, आणि काचेतून तिनं तो रिकामा बाक पाहिला. त्याची उंची तिनं ठरवली होती. वृद्धांना उठताना हात टेकता यावा म्हणून पुढची कड तिनं गोल करायला लावली होती. छपराचा उतार तिचा होता, काचेचा कोन तिचा होता. सगळे परत आत गेले, पट्टी लाल झाली, आणि टोपीवाल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली. नव्या माणसाला रीत लवकर समजली की आपण हलवतो तशी.

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि हातमोजे काढायचे विसरून गेली. गाडी सुरू झाली असती तर हे कळलंच नसतं. रात्री इंजिन गरम ठेवणारी वायर प्लगमध्ये लावायची राहिली, सकाळी गाडी मेल्यासारखी पडली होती, म्हणून ती या थंडीत पहिल्यांदा आपल्याच शेल्टरमध्ये येऊन बसली होती. आधीचा अख्खा महिना ती या शेल्टरवर बोलत फिरत होती. गेल्याच आठवड्यात हॅलिफॅक्सला, बंदराकाठच्या एका सभागृहात, तिला याच शेल्टरसाठी देशातलं मोठं डिझाइन पारितोषिक मिळालं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला होता आणि ती हसून म्हणाली होती, "बघा, वाट बघणाऱ्यांना बोटसुद्धा हाक मारते." सगळे हसले होते. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत नव्हती. पण ते हसणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं लांबून ऐकू येत होतं. नदीवरचा पूल आला. पाणी गोठलेलं होतं, मधोमध एक काळी धार तेवढी वाहत होती, तिच्यावर वाफ होती. वसईत, गिरीजच्या घरामागे, थंडीतल्या सकाळी बावखलाच्या पाण्यावर अशीच वाफ असायची. फरक एवढाच की तिथं त्या वाफेत हात घालावासा वाटे.

बाकवाली बाई. इंजिनिअरिंगच्या लोकांनी तिला दिलेलं हे नाव तिच्या कानावर केव्हाच आलं होतं. मुंबईत कलाशाळा, मग पुण्यात एका कारखान्यात वॉशिंग मशीनच्या बटणांची चित्रं काढायची नोकरी, मग भाऊ पायस मिसिसागाला होता म्हणून त्याच्या बेसमेंटमध्ये मुक्काम आणि इथलं शिक्षण, मग वॉटर्लूच्या विद्यापीठात एकेका सत्राच्या कंत्राटावर शिकवणं. एप्रिल आला की काम संपायचं, आणि पुन्हा त्याच कामासाठी नव्यानं अप्लाय करायचं. पहिल्याच तासाला ती मुलांना वर्गाबाहेर काढायची. शहरात कुठंही जाऊन बसा, म्हणायची, फोन बंद ठेवा, कंटाळा येईपर्यंत बसा, आणि कंटाळा आल्यावर काय दिसतं त्याचं चित्र काढा. मुलं आधी चिडत, मग डिसेंबरात येऊन सांगत की या वर्गानंतर आम्हाला रस्त्यावरून नीट चालताच येत नाही, सगळीकडे काहीतरी चुकलेलं दिसतं. ही तिची खरी मिळकत होती. पण संशोधन म्हणून काही दाखवायची वेळ आली की समोरचे विचारायचे, यात तंत्रज्ञान कुठं आहे, हे तर फर्निचर आहे. त्याच काळात वॉटर्लूच्या एका काळोख्या संध्याकाळी, काळा कोट घालून ती स्टॉपवर उभी असताना बस तिच्यासमोरून न थांबता गेली. ड्रायव्हरनं मुद्दाम केलं नव्हतं. त्याला ती दिसलीच नव्हती. ती हात वर करून तशीच उभी राहिली, आणि त्या वर राहिलेल्या हातातच तिला दिवा सुचला. आत कुणी असेल तर छपरावर एक नारिंगी दिवा लागावा, लांबून ड्रायव्हरला दिसावा, एवढंच. साधी गोष्ट; पण तिला कितीतरी हिवाळे लागले. कधी काचेवर दव गोठायचं, कधी एखादा पक्षी बसला तरी दिवा लागायचा. कॅमेरा लावा, लोक म्हणायचे, प्रश्न सुटेल. कॅमेरा नाही, ती म्हणायची. चेहरा कशाला बघायचा, माणूस आहे एवढं कळलं की पुरे. शेवटी सस्काटूनच्या विद्यापीठात कायमची जागा मिळाल्यावर तिची विद्यार्थिनी गुंजन देशमाने हिनं नुसत्या अंगाच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर बनवला. पहिल्या संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरनं दार उघडून सांगितलं, "तुम्ही मला तीन चौक आधीपासून दिसत होतात." त्या दिवशी घरी जाऊन ग्लेन्डा एकटीच मोठ्यानं हसली होती. मग आपण ज्यांना कधीच दिसलो नाही अशा सगळ्यांची तिला एकदम आठवण आली होती, आणि त्यांच्यावरचा राग निघून गेला होता.

तोच सेन्सर आता लोकांना बाहेर काढत होता. विद्यापीठात पोचल्यावर कोटही न काढता तिनं शैलेंद्र बोकारेला फोन लावला. शैलेंद्र मूळचा नागपूरचा. शेल्टर बनवणाऱ्या वॉटर्लूच्या कंपनीत तो या कामाचा प्रमुख होता. तिच्या दिव्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा यानं आपल्या वरिष्ठांशी भांडून पैसा उभा केला होता.

"शैलेंद्र, शेल्टरचा हीटर मधेच बंद का होतो?"

"मॅडम, तुम्ही बसनं कधीपासून जाऊन राहिल्या?"

"विचारलं ते सांग."

"अपडेट आहे. नोव्हेंबरातला. ठरावीक वेळ झाली की हीटर बंद, आणि शेल्टर रिकामं झाल्याशिवाय पुन्हा चालू नाही. लोक तिथं मुक्कामच करून राहिले होते ना. मेन्टेनन्सवाले ओरडत होते. मग वरच्यांनी म्हटलं, सेन्सर आहेच तर वापरा."

"सेन्सर दिव्यासाठी होता."

"हो. पण होता ना, मॅडम."

शैलेंद्रच पुढं म्हणाला, "मी सांगणार होतो. तुमचं हॅलिफॅक्सचं होऊन जाऊ दे म्हटलं. इतक्या खुशीत होत्या तुम्ही." आणि मग आवाज खाली आणून, "फेब्रुवारीत नगरपालिकेची समिती येऊन राहिली. अख्ख्या शहराची ऑर्डर आहे, एका मार्गाची नाही. तुमचं नवीन संशोधन केंद्र त्यावरच उभं होणार आहे. मी धमकी नाही देत. पण वरचे देतील."

पण होता ना. फोन ठेवल्यावर ते तीन शब्द खोलीत राहिले. खिडकीबाहेर चुनखडीच्या इमारतींवर ऊन पडलं होतं, चमकदार आणि बिनकामाचं. दिलेली वस्तू आपली राहत नाही, हे ती मुलांना दर वर्षी शिकवत होती. खुर्ची दिली तर कुणी तिच्यावर चढून बल्ब बदलेल, कुणी तिनं दार अडवेल. त्यात वाईट काही नाही, त्यातच गंमत आहे, असं म्हणत होती. मग आता हे काय टोचतंय? तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं, आणि उत्तर म्हणून तिला दिसली ती उठणारी माणसं. न बोलता, न चिडता उठणारी. एका हिवाळ्याच्या आत ती शिकली होती. तिच्या साऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर शिकली होती, आणि शिकवणाऱ्याचं नाव तिचं होतं, कारण प्रत्येक शेल्टरच्या कोपऱ्यात पितळी पट्टीवर ते कोरलेलं होतं.

गुंजन प्रयोगशाळेत तारा सोलत बसली होती. ग्लेन्डानं सकाळचं सांगितलं तेव्हा ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मॅम. नोव्हेंबरात त्यांनी मला सेन्सरबद्दल विचारलं होतं. मला वाटलं, तुम्ही हो म्हणाला असाल."

"मी हो म्हणाले असेन असं वाटलं तुला?"

"तुमचं नाव आहे त्याच्यावर."

हे शैलेंद्रच्या बोलण्यापेक्षा खोल गेलं. ग्लेन्डा स्टुलावर बसली. ती म्हणाली की समितीसमोर ती याविरुद्ध उभी राहणार आहे. कंपनी पैसा काढून घेईल, गुंजनची शिष्यवृत्ती कंपनीचीच आहे, आणि तिचा इथला मुक्काम शिष्यवृत्तीवर आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे.

"मॅम, तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"विचारतेय."

"मग मला भीती वाटते," गुंजन म्हणाली. तिनं तारेचा तुकडा टेबलावर ठेवला. "पण ते बंद करा. मी तो सेन्सर माणूस ओळखायला बनवला होता, हाकलायला नाही."

रविवारी पायसचा फोन आला, नेहमीसारखा चर्चहून परतताना गाडीतून. मागून त्याची मुलगी डिम्पल इंग्रजीत काहीतरी मागत होती. दोघं बहीण-भाऊ घरच्या बोलीत बोलायचे, ती इथं आणखी कुणालाच कळत नसे. पायसनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला आता कुठं लोक मानायला लागलेत. जरा बसून खा की." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यानं पंचवीस वर्षं विमानतळावर सामान हलवलं होतं, बसून खाणं म्हणजे काय ते तो जाणत होता. ती म्हणाली, "बसायचंच तर आहे रे." तो हसला, त्याला ते पूर्ण कळलं नाही, आणि तिलाही तेव्हा कळलं नव्हतं. आंघोळ करताना, भाजी चिरताना, वर्गात दुसऱ्याच विषयावर बोलताना ती भाषणं रचत होती आणि टाकून देत होती. प्रत्येक भाषणात ती बरोबर असायची, आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी समोरची माणसं मान डोलावून ऑर्डर जशीच्या तशी मंजूर करायची. ती तिनं खूप पाहिली होती, मान डोलावणारी माणसं. मग एक दिवस दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती नेहमीचं सांगत होती, चित्र दाखवू नका, माणसाला वस्तूत बसवा, आणि बोलता बोलता थांबली. मुलं वाट पाहत राहिली. त्या दिवशी तिनं तास लवकर सोडला.

फेब्रुवारीत समिती आली. विद्यापीठाच्या आवारात चाचणीसाठी उभारलेलं मोठं शेल्टर त्यांना बघायचंच होतं. आधी पाहणी, मग दुपारी नगरभवनात बैठक आणि निर्णय. आकाश निळंशार होतं, सूर्याच्या दोन्ही बाजूंना थंडीनं पडलेले दोन खोटे सूर्य होते. समितीची अध्यक्ष लॉरेन कोवालचुक नावाची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, काठी घेऊन चालणारी बाई होती. तिचं आयुष्य शहराबाहेरच्या गव्हाच्या शेतावर गेलं होतं, आणि तिला प्रत्येक गोष्टीची किंमत आधी विचारायची सवय होती. सोबत समितीचे इतर सदस्य, कंपनीचा उपाध्यक्ष, आणि शैलेंद्र. ग्लेन्डानं सगळ्यांना आत बसवलं. पट्टी लाल होती, लोकांनी हातमोजे काढले, कुणी कोटाची चेन खाली ओढली. ती बोलू लागली. बाकाची कड, छपराचा उतार, दिवा. सावकाश बोलली, प्रश्नांना लांब उत्तरं दिली. शैलेंद्रनं एकदा वरच्या पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला समजलं, हे तिला समजलं. तो तोंड उघडील म्हणून ती थांबली. त्यानं खिशात हात घातले आणि समोरच्या बर्फाकडे बघत राहिला.

पट्टी विझली. ग्लेन्डा बोलतच राहिली. शेजारी उभ्या असलेल्या गुंजननं दिव्याबद्दल सांगितलं, तिच्या तोंडातून वाफ येऊ लागली. चेन वर गेल्या, हातमोजे चढले. कुणीतरी पाय आपटले. त्या क्षणी आपल्या आत जे हललं ते ग्लेन्डाला आवडलं नाही: एक बारीकसा आनंद, यांना थंडीत बसवून ठेवण्याचा. म्हणजे मीपण तेच करतेय, तिला वाटलं. तरीही ती थांबली नाही.

"बिघडला का हा?" मिसेस कोवालचुकनी विचारलं.

"नाही. सांगितलंय तसंच चाललंय."

"मग सुरू कसा करायचा?"

"बाहेर जाऊन परत यायचं."

उपाध्यक्ष लगेच उठला, हसत, चपळाईनं. बाहेर एक चक्कर मारून आत आला. पट्टी तशीच काळी. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. कुणीतरी खोकलं.

"एकानं भागत नाही," ग्लेन्डा म्हणाली. "सगळ्यांनी जायला लागतं. शेल्टर रिकामं दिसलं पाहिजे. या मार्गावरची माणसं नोव्हेंबरपासून हेच करतायत. मी त्यांच्याबरोबर केलं. उठा म्हटल्यावर मीही उठले."

सांगायचं ते संपलं होतं. मोठ्या कोटातली ती मोठी माणसं एकमेकांकडे बघत उठली आणि एकेक करून बर्फात उतरली. मिसेस कोवालचुकच्या काठीला बर्फावर पकड मिळेना, तेव्हा एका बाजूनं शैलेंद्रनं आणि दुसऱ्या बाजूनं गुंजननं तिला धरलं. सगळे बाहेर उभे राहून काचेतल्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि पापण्यांवरच गोठत होतं. मग सगळे परत आत आले, आणि पट्टी लाल झाली. कुणी बसलं नाही. म्हातारीनं काठी आपटून बुटांचं बर्फ झाडलं. "आमच्या गोठ्यात," ती हळू आवाजात म्हणाली, "गाईंनासुद्धा कुणी असं बाहेर काढलं नाही."

दुपारची बैठक लांबली. उपाध्यक्ष चांगलं बोलला; काचा, कचरा, विम्याचे दावे, इतर प्रवाशांच्या तक्रारी, सगळं खरं होतं. एका सदस्यानं ग्लेन्डाला विचारलं, "हीटर चालू ठेवला तर काही लोक बस घेणारच नाहीत, नुसते बसून राहतील. हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. राहतील."

"आणि कुणी झोपला तर?"

"तर त्याला झोप लागली असं समजायचं," ती म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, पण तिनं ते विनोदानं म्हटलं नव्हतं. "मी ऊब लायक माणसांसाठी बनवली नाही. लायक कोण ते मला ओळखता येत नाही, आणि माझ्या सेन्सरला तर नाहीच. त्याला एवढंच कळतं की आत कुणीतरी जिवंत आहे. त्याच्याकडून याहून जास्त काम घेणार असाल, तर त्या पितळी पट्टीवरून माझं नाव काढा. आणि बक्षीसही मी परत करीन." बक्षिसाचं तिनं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आलं, आणि आल्यावर आपण हलक्या झालो असं तिला वाटलं. उपाध्यक्षानं शैलेंद्रच्या कानाशी काही विचारलं. शैलेंद्र उठला आणि माइकमध्ये म्हणाला, "बदल प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा आहे. मंजुरी मिळाली तर आज संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल." एका ओळीचा. एवढ्याशा ओळीवर ती माणसं हिवाळाभर उठबस करत होती. तिला राग यायला हवा होता, पण मिसेस कोवालचुकनी ठराव मताला टाकला होता, आणि टेबलाभोवती एकामागून एक हात वर जात होते. शेवटचा हात वर गेला तेव्हा ग्लेन्डाला ओळखीचं वाटलं ते दृश्य, अशी इतकी माणसं हात वर करून, आणि आज सगळ्यांना सगळे दिसत होते. गुंजननं तिचा दंड इतका घट्ट धरला की जाड स्वेटरवरूनही कळलं.

ठराव नुसता टाइमर काढण्याचा नव्हता. शहराच्या रस्त्यांवर पुढं जे जे सेन्सर लागतील ते आधी तिच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचे, त्याचा खर्च शहरानं द्यायचा, हे मिसेस कोवालचुकनी स्वतः त्यात घातलं. खर्च किती, ते अर्थातच तिनं आधी विचारून घेतलं. कंपनीनं ऑर्डर घेतली आणि संशोधन केंद्रावरचं आपलं नाव मागे घेतलं. डीनचा निरोप आला: केंद्र होईल, विद्यापीठाचंच होईल, प्रमुख ग्लेन्डाच, आणि गुंजनची शिष्यवृत्तीही त्यातूनच. गुंजन कॉरिडॉरमध्ये पुण्याला आईशी फोनवर बोलत होती, अर्धं रडत, अर्धं हसत. शैलेंद्र ग्लेन्डाजवळ येऊन उभा राहिला.

"सकाळी मी उठून सांगू शकलो असतो, मॅडम. पट्टी विझायच्या आधी."

"माहीत आहे."

"नाही सांगितलं."

"तेही माहीत आहे. वॉटर्लूला गेल्यावर त्रास देतील तुला?"

"देतील थोडा," तो म्हणाला. "अन् मग पुढच्या शहरात हेच शेल्टर विकायला मलाच पाठवतील. बिनटाइमरचं." तो पहिल्यांदा मोकळं हसला.

सभागृह रिकामं होत होतं. लोक येऊन हात मिळवत होते, ज्यांनी तिला कधी बाकवाली म्हटलं असेल असेही त्यांत होते, आणि ते तोच शब्द आता प्रेमानं म्हणत होते. तिनं कोट चढवला, बटणं लावली. आपण जिंकलो, तिनं मनात घरच्या बोलीत म्हणून पाहिलं. शब्द अंगाला बरोबर बसला. मिसेस कोवालचुक कागद आवरून काठी शोधत होती. दारापाशी जाणाऱ्या ग्लेन्डाला तिनं थांबवलं.

"प्रोफेसर, झालं ना समाधान?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. पण ग्लेन्डाच्या डोळ्यांसमोर मार्गाचा शेवटचा स्टॉप होता, गव्हाच्या शेतांच्या कडेला, जिथं बस वळते आणि ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उतरतो.

"शेवटच्या स्टॉपवर," ती म्हणाली, "ड्रायव्हर वॉशरूमला कुठं जातात?"

मिसेस कोवालचुकनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि त्याला खर्च किती येईल?"

ग्लेन्डानं टेबलाजवळची खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसली आणि कोटाची बटणं पुन्हा काढू लागली.